वाळूजच्या शेडमध्ये वाळवंटी शर्यतीची गाडी बांधायची तर

शेडमध्ये डोकावणारा प्रत्येक माणूस आधी एकच विचारतो, "इंजिन कुठलं बसवणार?" या लेखात इंजिन बरंच उशिरा येणार आहे. वाळवंटात गाडी थांबते ती ताकद कमी पडली म्हणून क्वचितच. पाणी उकळतं, फिल्टर चोंदतो, शॉकअपमधलं तेल तापून पातळ होतं, चाक धरणाऱ्या आर्मचा बोल्ट ढिला पडून त्याचं भोक अंडाकृती होतं. ज्याची गाडी दुपारी चारलाही सकाळसारखी चालते, तो निकालाच्या यादीत दिसतो. म्हणून बांधणीचा क्रमही त्याच अंगाने लावायचा: आधी नियम, मग शॉकअप आणि टायर, मग माणसाची बैठक, मग पिंजरा, आणि एवढं झाल्यावर त्यात मावेल ते इंजिन.

आपली गाडी साइड-बाय-साइड जातीची, म्हणजे दोन माणसं शेजारी-शेजारी, भोवती पाइपांचा पिंजरा, चारही चाकं अंगापासून लांब फेकलेली. तयार यंत्रांपैकी पोलारिसची आरझेडआर एक्सपी १००० ही ९९९ सीसीची, ११० अश्वशक्तीची, ६४ इंच रुंद आणि ९० इंच व्हीलबेसची. कॅन-अ‍ॅमची मॅव्हरिक एक्स३ ९०० सीसीच्या तीन सिलिंडर टर्बोवर २०० अश्वशक्तीपर्यंत गेली. २०१७ पासून डकार या लांब पल्ल्याच्या वाळवंटी रॅलीत या गाड्यांना स्वतंत्र वर्ग मिळाला. २०२० पासून ती रॅली सौदी अरेबियात होते. अशी गाडी आयात करायची तर शुल्क जबर, आणि एक आर्म वाकला की तोही परदेशातूनच. खिसा खोल असेल तर तो मार्ग चांगला आहे, त्याबद्दल पुढे थोडं लिहितो. हा लेख मुख्यतः दुसऱ्या मार्गाचा आहे: पाइपांची चौकट आपण बांधायची आणि छोट्या कारचं इंजिन-गिअरबॉक्स पाठीमागे बसवायचं.

या कामाला मराठवाड्यात जागा कमी नाही. १९८५ च्या सुमारास बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि भोवती सुट्या भागांचे लहान-मोठे कारखाने उभे राहिले. पाइप बेंडिंग, लेझर कटिंग, सीएनसी, पावडर कोटिंग हे सगळं एका दुपारच्या फेरीत उरकतं. फक्त ऑर्डरचं काम जोरात असेल तेव्हा तुमचे चार नग कुणी हातात धरणार नाही. महिनाअखेर टाळून जा, आणि कागदावर नीट मापं टाकलेलं ड्रॉइंग घेऊन जा. "अंदाजे एवढं" म्हणणाऱ्याला चहा मिळतो, नग मिळत नाही.

नियम आधी, पाइप नंतर

राजस्थानातल्या क्रॉस-कंट्री शर्यतीत उतरायचं तर स्पर्धकाला एफएमएससीआय या देशातल्या मोटर स्पोर्ट महासंघाचा परवाना लागतो, आणि प्रत्येक शर्यतीची स्वतःची नियमावली असते. कुठला वर्ग, किती रुंदी, पिंजऱ्याचा पाइप कोणता, घरी बांधलेली चौकट चालते की नाही, हे आयोजकांकडून लेखी घ्या. फोनवरचा "होऊन जाईल" स्क्रूटिनीच्या, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीच्या, दिवशी कामाला येत नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची. घरी बांधलेल्या गाडीला टाइप अप्रूव्हल, म्हणजे मॉडेलची सरकारी मान्यता, नसतं, त्यामुळे तिची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणं मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार गुन्हा आहे. शेडपासून पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा नाही. गाडी कायम टेम्पोत जाईल हे गृहीत धरून रुंदी ठरवा. त्यासाठी ज्या आयशरमधून ती न्यायची, त्याच्या हौद्याचं आतलं माप आजच घ्या.

टू-व्हील की फोर-व्हील ड्राइव्ह? घरच्या बांधणीला मागच्या दोन चाकांचा ड्राइव्ह पुरे. लोक नाक मुरडतात, पण २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षं डकारमध्ये कारचा वर्ग जिंकलेल्या प्यूजोच्या गाड्या टू-व्हील ड्राइव्हच होत्या. त्यांना नियमांनी मोठे टायर आणि चालत्या गाडीत टायरची हवा कमी-जास्त करायची मुभा होती, हे खरं. तरी मुद्दा उरतोच: वाळूत लांब सस्पेन्शन आणि योग्य हवेचा टायर पुष्कळ काम करून जातो. पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांत ओढ वाटून देणारे गिअर), त्याचा शाफ्ट, आणखी चार जॉइंट म्हणजे वजन वाढलं आणि मोडायच्या जागाही वाढल्या.

शॉकअप विकत घ्या, गाडी त्याच्याभोवती बांधा

एकूण पैशातला चौथा हिस्सा शॉकअपसाठी बाजूला काढा. बाहेर वेगळी नळकांडी असलेला, नायट्रोजन भरलेला शॉकअप लागतो, कारण सतत उड्या मारताना तेल इतकं तापतं की साध्या शॉकअपमध्ये त्याचा फेस होतो आणि गाडी होडीसारखी डोलायला लागते. भारतात बहुधा आयातच करावे लागतात. वापरलेले मिळाले तर सील आणि दांड्यावरचे ओरखडे तपासून घ्यायला हरकत नाही.

आता हिशेब. हा कागदावर मांडल्याशिवाय स्प्रिंगची ऑर्डर देऊ नका.

समजा दोन माणसं, इंधन आणि सुटे भाग धरून गाडी ९०० किलोची. चाकं, हब, ब्रेक आणि आर्मचा अर्धा भाग मिळून १६० किलो जमिनीवरच धावतात, स्प्रिंगवर बसत नाहीत. उरले ७४० किलो. इंजिन मागे असल्यामुळे ४० टक्के पुढे आणि ६० टक्के मागे धरा. म्हणजे पुढच्या एका चाकावर साधारण १५० किलो, मागच्या एकावर २२०.

पुढच्या चाकाचा प्रवास ४०० मिमी हवा. आर्मवर शॉकअप अशा जागी बसतो की चाक १० मिमी उचललं की शॉकअप ६ मिमी दबतो. हे गुणोत्तर ०.६. म्हणजे शॉकअपचा स्ट्रोक २४० मिमी लागेल. चाकापाशी मिमीला १ किलो असा कडकपणा ठेवला तर १५० किलोंनी गाडी १५० मिमी बसेल. ४०० पैकी १५० म्हणजे ३७ टक्के खाली, खड्ड्यात चाक सोडायला, आणि २५० मिमी वर, धक्का गिळायला. वाळवंटासाठी हे प्रमाण बरोबर आहे. प्रत्यक्ष स्प्रिंग मात्र गुणोत्तराच्या वर्गाने भागून येते: १ भागिले ०.३६, म्हणजे मिमीला २.८ किलो. वर्ग करायचा राहिला की स्प्रिंग मऊ येते आणि गाडी पहिल्याच उंचवट्याला पोट टेकवते.

मागच्या स्प्रिंगा किंचित कडक ठेवाव्या लागतात. उंचवट्यावर आधी पुढचं चाक चढतं, मागचं नंतर. मागची बाजू थोडी जलद सावरली तरच दोन्ही टोकं एकत्र शांत होतात, नाहीतर गाडी घोड्यासारखी मागून उडवते. २२० किलोंना चाकापाशी मिमीला १.९ किलोच्या आसपास धरून सुरुवात करा. नेमका आकडा चाचणीत सापडेल.

टायरचा व्यास इथेच ठरवा, कारण त्यावर पुढे गिअर अवलंबून आहेत. तयार यंत्रांना ३० ते ३२ इंची टायर असतात. आपल्या गाडीला २८ इंची पुरे, आठ प्लायचे, आणि रिम बीडलॉकचे. मऊ वाळूत हवा १० ते १४ पीएसआयपर्यंत उतरवावी लागते; एवढ्या कमी हवेत साध्या रिमवरून टायर वळणात उतरतो. बीडलॉकची कडी त्याची कड बोल्टने आवळून ठेवते. दगडी भागात परत १८ ते २२. फावड्यासारखे दात असलेले पॅडल टायर चित्रात छान दिसतात, पण ते नुसत्या टेकड्यांवर खेळायला आहेत. शर्यतीच्या वाटेत दगड लागतोच.

बैठक

शॉकअप आणि टायर जमिनीवर मांडून झाले की मध्ये माणूस बसवा. इलेक्ट्रिकवाल्याकडची पांढरी पीव्हीसी पाइप, एल्बो आणि केबल टाय घेऊन पूर्ण मापाचा पिंजरा उभा करा. दोन्ही सीट फळीवर ठेवा, हेल्मेट घालून बसा, पेडल, स्टिअरिंग आणि गिअरचा दांडा कुठे येतो ते खुणा करून घ्या. को-ड्रायव्हर तुमच्यापेक्षा उंच असेल तर त्याच्याच मापाने छत ठरवा. बाजा एसएई ही इंजिनिअरिंग कॉलेजांची ऑफ-रोड स्पर्धा भारतात २००७ पासून होते. तिच्या नियमात हेल्मेटभोवती १५२ मिमी मोकळीक सक्तीची आहे. आपणही तेवढी ठेवावी. मराठवाड्यातल्या ज्या मुलांनी या स्पर्धेत गाडी बांधली आहे त्यातला एखादा हाताशी धरा. नॉचिंग (पाइपांची टोकं जुळवून कापणं) आणि सस्पेन्शनचं गणित त्यांच्याकडे ताजं असतं, आणि रात्री दोनपर्यंत जागायची सवयही असते.

खांद्याचे पट्टे सीटमागच्या ज्या आडव्या पाइपला बांधायचे, त्याची उंची याच वेळी पक्की करा. मान सांभाळणारं हान्स वापरताना पट्टे खांद्यापासून मागे जवळपास आडवे जावेत, २० अंशांपेक्षा जास्त खाली उतरू नयेत. फार खाली उतरलेला पट्टा अपघातात मणक्यावर दाब टाकतो.

पिंजरा

जालन्याच्या मिलची सळई घराच्या स्लॅबला उत्तम, पण पिंजऱ्याला जवळचं लोखंड म्हणून काहीही चालत नाही. फर्निचरवाले वापरतात तो ईआरडब्ल्यू पाइप लांबीवर शिवण घातलेला असतो. वाकवताना शिवण बाहेरच्या अंगाला आली की तिथेच फाटतो. घ्यायचा तो सीमलेस कोल्ड ड्रॉन, म्हणजे शिवण नसलेला, थंड ओढलेला पाइप, आणि सोबत मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट. एफआयए या जागतिक मोटर स्पोर्ट संस्थेच्या नियमात मुख्य कमानीला ४५ मिमी व्यास व २.५ मिमी जाडी किंवा ५० मिमी व २ मिमी, आणि बाकीच्या पाइपांना ३८ मिमी व २.५ किंवा ४० मिमी व २ असं किमान माप आहे. ताण सोसण्याची किमान ताकद ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी. तुमच्या शर्यतीचे नियम वेगळे असले तर ते पाळा, नसले तर हे.

क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद) पाइप हलका म्हणून लोकांना भुरळ पडते. त्याला आर्गन वेल्डिंग, योग्य फिलर आणि सावकाश थंड होऊ देणारा वेल्डर लागतो. असा हात माहितीतला नसेल तर साध्या कार्बन स्टीलवर राहा. दहा-बारा किलो जास्त होतील, होऊ द्या.

मुख्य कमान एकाच अखंड पाइपची, थंड वाकवलेली, बेंडची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. बेंडच्या आतल्या बाजूला सुरकुती दिसली की तो पाइप बाजूला टाका. बेंडिंगवाला म्हणेल, "दादा, एवढं चालतंय." त्याला पैसे द्या आणि दुसरा पाइप लावायला सांगा.

आता नॉचिंग, म्हणजे एका पाइपचं टोक दुसऱ्याच्या गोलाईवर चपखल बसेल असं माशाच्या तोंडासारखं कापणं. पिंजऱ्याची अर्धी ताकद इथे ठरते. कापलेलं टोक जागेवर धरा आणि पलीकडून बॅटरी लावा. फटीतून उजेड आला तर वेल्डिंग नाही. परत ग्राइंडर, परत धरून बघणं. वेल्डर घाईत असतो, "सीओटूनं भरून घेतो की" म्हणतो. सीओटू वेल्डिंगने फट भरते खरी, पण तिथे नुसत्या वितळलेल्या तारेचा थर असतो, पाइपला पाइप धरलेला नसतो. १ मिमीच्या आत फट आणि दोन्ही काठ घासून चकचकीत केलेले, मगच टॅक, म्हणजे वेल्डिंगचा तात्पुरता ठिपका.

आधी संपूर्ण पिंजरा नुसत्या टॅकवर उभा करा. जाड चौकोनी पाइपांचं सपाट टेबल करा, त्यावर मध्यरेषा मारा, ओळंबा आणि गुण्या लावून कर्ण मोजा. डावा-उजवा कर्ण ३ मिमीच्या आत जुळला की पक्कं वेल्डिंग सुरू, तेही एका कोपऱ्यात थोडं, मग समोरच्या कोपऱ्यात थोडं. एका बाजूने सलग ओढत गेलात तर उष्णतेने चौकट पिळवटते आणि मग गाडी आयुष्यभर एका अंगाने धावते. सांधे झाल्यावर लाल डायचं पेनेट्रंट मारून तडे बघा. वाळूजला तो डबा मिळतो.

आर्म आणि अ‍ॅक्सल

पुढे वर-खाली दोन आर्म, मागे ट्रेलिंग आर्म, म्हणजे चाकाला पाठीमागे ओढत नेणारा लांब आर्म, आणि त्याला आधाराच्या दोन आडव्या काठ्या. प्रत्येक बोल्ट दोन पत्र्यांच्या मध्ये धरलेला हवा. एकाच बाजूने लटकणारा बोल्ट वाकतो. १०.९ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट, आणि धक्का सोसणारा भाग चुडीवर नको, गुळगुळीत दांड्यावर यावा.

स्टिअरिंग रॅकच्या दोन्ही टोकांचे सांधे आर्मच्या आतल्या सांध्यांच्या रेषेत येतील अशी रॅकची रुंदी आणि उंची ठेवा. नाही जुळलं तर चाक वर-खाली होताना आपोआप वळतं. हे गाडी धावायच्या आधीच कळतं: स्प्रिंग काढून चाक हाताने खालून वर न्या, हबला बांधलेली पट्टी भिंतीवर रेघ काढेल. रेघ सरळ हवी.

मागे कारचेच ड्राइव्ह शाफ्ट वापरणार असाल तर सस्पेन्शनची मर्यादा शाफ्ट ठरवतो, शॉकअप नाही. दोन जॉइंटमधलं अंतर ५५० मिमी असेल आणि चाक २०० मिमी खाली गेलं, तर शाफ्टचा कोन २१ अंशांच्या पुढे जातो. कारचा आतला जॉइंट यापेक्षा फार जास्त सोसत नाही. म्हणून शाफ्ट आडवा असायला हवा तो प्रवासाच्या बरोबर मध्यावर, गाडी उभी असतानाच्या उंचीवर नाही. म्हणजे दोन्हीकडे २०० मिमी मिळतात. सगळं जोडल्यावर रबरी बूट न घालता चाक दोन्ही टोकांपर्यंत नेऊन जॉइंट फिरवून बघा. अडकला की हाताला लगेच जाणवतं. खालच्या टोकाला चाक लटकू नये म्हणून जाड नायलॉनचा लिमिट पट्टा लावा. तो शॉकअपचं तोंडही वाचवतो.

आता इंजिन

मारुतीचं के-सीरिजचं ९९८ सीसीचं तीन सिलिंडर पेट्रोल इंजिन देशभर मिळतं, हलकं आहे, आणि त्याचा मेकॅनिक जैसलमेरलाही सापडतो. जुन्या ऑल्टो के१० मध्ये ते ६७-६८ अश्वशक्ती आणि ९० न्यूटन मीटर टॉर्क देतं. आता टायरकडे या. त्या कारचा १५५/६५ आर१३ टायर साधारण ५३२ मिमी व्यासाचा. आपला २८ इंची ७११ मिमीचा. म्हणजे चाकापाशी ओढ तीन-चतुर्थांशच उरते. मऊ वाळूत पहिल्या गिअरला क्लच जाळत निघावं लागेल. उपाय दोन: टायर २६ इंचावर आणणं, किंवा त्याच ९९८ सीसीचं टर्बो बूस्टरजेट घेणं, फ्राँक्समध्ये ते १०० अश्वशक्ती आणि १४७ न्यूटन मीटरच्या वर देतं. माझा कौल दुसऱ्याला. महाग आहे, पण गिअरबॉक्स खोलून आत काही करण्यापेक्षा सोपं.

इंजिन घेताना सुटं घेऊ नका. विम्यात टोटल लॉस झालेली अख्खी कार कागदपत्रांसह घ्या. ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक), पूर्ण वायरिंग, चावी आणि चोरी रोखणारा इमोबिलायझर एकाच गाडीचे असले तरच इंजिन बोलतं. भंगारातून बिलाशिवाय उचललेल्या इंजिनचा नंबर उद्या कुठल्या गुन्ह्यात निघेल सांगता येत नाही.

कारमध्ये पुढे असलेली ही जोडी जशीच्या तशी सरळ मागे सरकवायची. इंजिन सीटच्या मागे आणि त्यामागे चाकांचा आस, असं आपोआप बसतं. जागा वाचेल म्हणून ती उलटी फिरवली तर पाच गिअर मागे जाण्याचे आणि एक पुढे जाण्याचा अशी गाडी तयार होते. हसू नका, असं व्हायला एक उत्साही रात्र पुरते. चाकाचा हब धरणारे पुढचे नकल मागे आल्यामुळे स्टिअरिंगच्या काठीच्या जागी पक्की, लांबी बदलता येणारी काठी लावून चाकांची दिशा बांधून टाका.

डिफरन्शियल उघडा, म्हणजे लॉक नसलेला, असेल तर एक चाक वाळूत फिरतं आणि दुसरं बघत राहतं. ट्रॅक्टरवाल्याला याचं उत्तर पाठ आहे: डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे, जे फिरतं त्याला दाबायचं. तसाच दोन बाजूंचा हायड्रॉलिक हँडब्रेक मागच्या चाकांना लावा. फिरणारं चाक धरलं की ओढ दुसऱ्याकडे जाते, आणि वाळूत गाडी चटकन वळवायलाही तोच कामी येतो.

ऊन आणि फुफाटा

रेडिएटर पुढे ठेवला तर हवा मिळते, पण दगडही तिथेच लागतात आणि पुढच्या गाडीची सगळी धूळ त्यात जाते. मागे, माणसांच्या डोक्यामागे तिरपा बसवणं बरं. छतावरून हवा घेणारी तोंडं, मागे पूर्ण पत्र्याचा कोन आणि दोन पंखे. पंख्याभोवती पत्र्याचं बंदिस्त घर नसेल तर पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. वारा पाठीमागून असतो आणि गाडी टेकडीवर रांगत असते तेव्हा सगळी भिस्त पंख्यांवर, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या फ्यूजवर घ्या.

होज पाइप लांब झाले की हवा अडकते. सर्वांत उंच जागेला हवा सोडायचा स्क्रू ठेवा, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. तापमानाचा काटा नुसता असून भागत नाही. खड्ड्यांत तिकडे बघणार कोण? १०५ अंशांना डोळ्यासमोर लाल दिवा लागेल असा स्विच घाला.

हवेच्या फिल्टरसाठी परदेशी कॅटलॉग उघडायच्या आधी ट्रॅक्टरच्या पार्ट्सचं दुकान गाठा. आधी गरागरा फिरवून जड धूळ बाजूला टाकणारा प्री-क्लीनर, मग आत दोन कागदी फिल्टर, एकात एक, अशी रचना जालना, लातूर, कुठेही मिळते. इंजिनाच्या मापापेक्षा एक नंबर मोठी घ्या. तोंड छताजवळ, चाकांच्या धुरळ्यापासून लांब. काळ्या मातीचा फुफाटा थरच्या वाळूपेक्षा बारीक, त्यामुळे फिल्टर लवकर चोंदतो. थरची वाळू क्वार्ट्झची, कठीण. तिचे चार कण आत गेले तरी पिस्टनच्या रिंगा घासतात. म्हणजे इथे कस लागतो तो फिल्टरच्या मापाचा आणि तिथे सांध्यांच्या घट्टपणाचा. फिल्टरच्या स्वच्छ बाजूला पाइपच्या आत ग्रीसचं बोट फिरवून ठेवा. फेरीनंतर ग्रीस खरखरीत लागलं तर कुठेतरी होज क्लिप सैल आहे.

इंधन, ब्रेक, वायरिंग यात कल्पकता नको. फोम भरलेली, एफआयए मान्य टाकी, इंजिनपासून पत्र्याने वेगळी केलेली. दोन स्वतंत्र सर्किटचा मास्टर सिलिंडर, डॉट ४ तेल. वायरचे लग सोल्डर न करता चांगल्या पकडीने दाबलेले, कनेक्टर सीलबंद, आणि करंट तोडणारा स्विच आतून तसाच बाहेरूनही हाताला येईल असा. पट्टे, सीट आणि हेल्मेटवरची मुदत वाचून घ्या. मुदत संपलेला पट्टा स्क्रूटिनीवाला हातात घेऊनच बाजूला ठेवतो. पोटाखाली जाड प्लास्टिकची यूएचएमडब्ल्यू पाटी बोल्टने बसवा. आपला बेसाल्ट अ‍ॅल्युमिनियमला चिरतो. या पाटीवरून घसरून जातो.

तयार यंत्र घेतलं असेल तर

तुमची चिंता बेल्टची. या यंत्रांत बहुधा गिअरऐवजी दोन पुलींमधला रबरी बेल्ट असतो. मऊ वाळूत हाय रेंजला ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बेल्ट सरकतो, तापतो आणि फुटतो. बेल्टच्या डब्यात तापमानाचा सेन्सर लावा, चढ आणि मऊ जागी लो रेंज लावा, नवा बेल्ट पहिले काही डझन किलोमीटर हळू चालवून रुळवा. सुटा बेल्ट न रुळवलेला नेऊ नका. घरीच एकदा बसवून, चालवून, खूण करून ठेवा. फॅक्टरीची छताची चौकट शर्यतीच्या नियमात बसेलच असं नाही, तीही वरच्या मापांनी बदलावी लागू शकते.

चाचणी: एप्रिल-मे सोन्याचे

मराठवाड्यात वाळवंट नाही, पण उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि रब्बी निघाल्यावर रानं मोकळी असतात. उष्णतेची आणि धुळीची परीक्षा इथेच फुकट होते. बरड माळ किंवा नांगरट करून ठेवलेलं रान मालकाला विचारून घ्या, बांध ओलांडू नका, विहिरी आधी पायी हिंडून बघून ठेवा. माळावरच्या विहिरीला कठडा असेलच असं नाही. गौताळा किंवा नायगावचं मोरांचं अभयारण्य यांच्या आसपासही जायचं नाही. आणि वाळू हवी म्हणून गोदावरीच्या पात्रात उतरण्याचा विचार सोडा: तिथे रात्री दिवे लावून फिरणारी विचित्र गाडी दिसली तर महसूल खात्याला शर्यत नव्हे, दुसरंच काहीतरी आठवतं.

पहिली फेरी चालण्याच्या वेगाने. गाडी सोडण्याआधी प्रत्येक बोल्टवर नटापासून पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा. परत आल्यावर रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट फिरला. दुसऱ्या दिवसापासून वेग वाढवा. जेसीबीवाल्याकडून सहा-सात मीटर अंतरावर अर्ध्या मीटर उंचीचे दहा-बारा उंचवटे एका ओळीत करून घ्या आणि त्यावरून सलग फेऱ्या मारा. थांबल्या थांबल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही शॉकअप मोजा. डावा-उजवा सारखे तापलेले हवेत. एखादा थंड राहिला तर तो कामच करत नाही, गॅस गेला असेल किंवा आतला व्हॉल्व्ह अडकला असेल. सगळेच हात लावू न देण्याइतके तापून गाडी डोलू लागली तर तेलाची जाडी किंवा व्हॉल्व्हिंग बदलायचं. स्प्रिंग कडक करून हे दुखणं जात नाही, उलट चाक जमिनीवरून उडायला लागतं.

मग भर दुपारी, वारा पाठीमागून घेऊन, पहिल्या गिअरवर अर्धा तास रांगा. पाणी इथे १०० अंशांच्या आसपास स्थिर राहिलं तर तिथेही राहील.

खरी वाळू मात्र खरी वाळूच. शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी राजस्थानात पोहोचून, आयोजकांनी परवानगी दिलेल्या जागी टेकड्यांवर हात बसवा. वाऱ्याच्या आडोशाची उतरण ३० ते ३४ अंशांची असते, माथ्यावरून पलीकडे काय आहे ते दिसत नाही. माथ्यावर आडवं जाणं म्हणजे उलटणं. सरळ जा, माथ्यावर वेग सोडा, उतरताना नाक खाली आणि अ‍ॅक्सिलरेटर हलका चालू.

टेम्पोत चढवताना

पट्टे चौकटीला नव्हे, चाकांना बांधा. चौकट खाली ओढून बांधली तर जैसलमेरपर्यंत शॉकअप दबलेले राहतात आणि सील गळायला लागतात. टाकी जवळपास रिकामी, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. सोबत दोन्ही बाजूंचा एकेक ड्राइव्ह शाफ्ट, एक पूर्ण आर्म, टायरॉड, फिल्टरचे दोन संच, पाण्याचा पंप, फॅनची मोटर, होज क्लिपांची पिशवी, वेल्डिंगच्या काड्या. रुततेवेळी लागणारे फायबरचे दोन तराफे, फावडं, आणि जॅकखाली ठेवायला फुटभर चौरस जाड प्लायवूड, नाहीतर गाडी जागची हलत नाही आणि जॅक वाळूत घुसतो.

कागदांची फाइल वेगळी आणि ड्रायव्हरच्या केबिनमध्ये: पाइपचं टेस्ट सर्टिफिकेट, पिंजऱ्याचे वेल्डिंग चालू असतानाचे फोटो, इंजिनच्या मूळ गाडीची कागदपत्रं आणि खरेदीचं बिल, टाकी आणि पट्ट्यांच्या मान्यतेच्या लेबलांचे फोटो, परवाना, आणि आयोजकांनी वर्ग मान्य केल्याचा तो लेखी मेल, छापून, दोन प्रतींत.